व्हॉल्व्हवरची उदबत्ती

मला पूजेअर्चेचा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून देव्हारा नाही, बुद्धाची तसबीर आहे, एवढंच. पण हे सांगितलं की माणसं 'अस्सं' म्हणून मान हलवतात आणि पुढचं ऐकायचं बंद करतात. तेवढं करू नका. राग मला येतो, लवकर येतो, आमच्या घरची म्हणते तो तुमच्या नाकावर भाड्यानं राहतो. पण तो पूजेचा नाही. आणि नावं मी मुद्दाम घालत नाही. हे वाचू नये असं एक माणूस आहे.

बिलोली तालुक्यातलं माझं गाव. नांदेडला डिप्लोमा केला आणि लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला लागलो. कोणता कारखाना ते विचारू नका. इन्स्ट्रुमेंट म्हणजे काय हे आईला अजून कळलेलं नाही, ती शेजारीपाजारी 'पोरगं काटे बघतंय' असं सांगते. खोटं नाही ते. दाबाचे काटे, तापमानाचे काटे, आणि त्या काट्यांच्या हुकमावर उघडणारे-मिटणारे व्हॉल्व्ह, हे माझं खातं.

त्यातला एक व्हॉल्व्ह मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आता लोखंडावर कुणी डूख धरतं का? पण मी धरला. बॉयलरमधून निघालेली वाफ लई जोराची असते. ती टर्बाईन फिरवायला ठीक, पण रस आटवणाऱ्या पॅनना तेवढा जोर सोसत नाही, त्यांना मऊ वाफ लागते. जोराची वाफ आणि मऊ वाफ यांच्या मधे हा व्हॉल्व्ह उभा. पॅनवाल्यांनी वाफ मागितली की उघडायचं, नको म्हटलं की त्या क्षणी मिटायचं. मिटला नाही तर जोराची वाफ मऊ वाफेच्या नळात शिरणार, आणि त्या नळाचे सांधे तिच्यासाठी बांधलेले नाहीत.

एवढ्या वाफेला दाबून धरायचं तर स्प्रिंग केवढी मोठी पाहिजे, असं कुणालाही वाटेल. पण हा बॅलन्सवाला. आतल्या बुचाला आरपार भोकं असतात, त्यामुळे वाफ त्याला खालूनही ढकलते आणि वरूनही, सारख्याच जोरानं, आणि दोघींचं भांडण तिथल्या तिथं मिटतं. मग त्याला हलवायला थोडी हवा आणि एक लहानशी स्प्रिंग पुरते. डोक्यावर उपड्या परातीसारखी लोखंडी टोपी, तिच्यात रबराचा पडदा. पडद्याखाली हवा भरली की व्हॉल्व्ह उघडतो, हवा सोडली की वरची स्प्रिंग त्याला खाली बसवते. स्प्रिंग लहान, म्हणून तिला जराशी आडकाठीही खपत नाही. पडदा खाली येताना टोपीत वरून हवा शिरावी लागते, त्यासाठी टोपीच्या माथ्यावर एक भोक ठेवलेलं असतं. व्हॉल्व्हनं तिथून श्वास घ्यायचा. भोक बुजलं तर वर पोकळी होते आणि ती पडद्याला वरच ओढून धरते.

तर हा आमचा व्हॉल्व्ह बसायला उशीर लावायचा. रोजचं बारीकसारीक हलणं ठीक चालायचं, पण पॅन एकदम बंद झाले की हा बाबा अर्ध्यात रेंगाळायचा, आणि मऊ वाफेचा काटा चढून मग सावकाश उतरायचा. मी हवेची नळी बदलली, वर्कशॉपकडून पडदा बदलून घेतला, स्प्रिंग तपासून घेतली. काही नाही. चीफसाहेब म्हणाले, "जुना झालाय, सीझन निघू दे." काटा चढताना मी तिथंच खिळून बघत राहायचो, आणि बाकीचे चहा पीत असायचे.

या व्हॉल्व्हचे काटे आणि बटणं खालच्या पॅनेलवर, आणि त्या पॅनेलवर अण्णा असायचे. उदगीरचे, बॉयलर अटेंडंट, माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि गळ्यात लिंग. मी त्यांना सकाळी त्यांचा लिंगायतांचा 'शरणार्थ' घालायचो आणि ते मला 'जय भीम', आणि कोण आधी घालतो यावर आमची रोजची चढाओढ. मी लांबून दिसलो की अण्णा टर्बाईनच्या आवाजावर आवाज काढून ओरडायचे. जिंकले की लहान पोरासारखे खूश. कारखान्यात नवीन असताना मला कुणी डब्याला बसवून घेत नव्हतं असं नाही, पण विचारायचं राहून जायचं, तसलं काहीतरी. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं सरकवली. "खा रे. तुज्या वैनीनं जास्तीची दिलीया. तुझ्यासारका काटकुळा माणूस काट्यावरच बरा दिसतो," म्हणाले.

एका दुपारी वैतागून मी शिडी चढलो आणि व्हॉल्व्हच्या टोपीवर हात फिरवला. माथ्यावरच्या त्या भोकात उदबत्ती. अर्धी जळलेली, धूर निघत असलेली! भोक काडीपेक्षा मोठं, म्हणून काडीला वातीचा कापूस गुंडाळून ती नीट घट्ट बसवलेली. मी ती उपसली तर खाली जुना कापूस, त्याखाली आणखी जुना, काड्यांची जळकी टोकं, राख, सगळं ठासून बसलेलं. सळईनं ओढून काढत बसलो. भोकावर जाळीची टोपी असते, ती मी लागायच्या आधीच कुठंतरी गेलेली होती, आणि कुणाला तरी ते भोक उदबत्तीच्या घरासारखं दिसलं होतं.

कुणाला हे विचारायची गरजच नव्हती. मी तसाच मुठीत कापूस घेऊन पॅनेलवर आलो आणि सगळ्यांदेखत तो टेबलावर आपटला.

"अण्णा, हे काय?"

"उदबत्ती."

"कुठं लावून राहिलात तुमी ती?"

"व्हॉल्व्हाला. रोजच लावतो. सगळ्यात जोखमीचा त्योच हाय, त्याला न्हाई लावायची तर कुणाला, तुला?"

पोरं हसली. मी म्हटलं, अहो ते श्वासाचं भोक आहे, त्यातून व्हॉल्व्ह हवा ओढतो. अण्णा म्हणाले, "मग बेस की. वढू दे वास." पुन्हा हशा. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "देवाच्या नादात कुणाचा तरी जीव घ्याल एक दिवस!"

हसणं थांबलं. अण्णांचा चेहरा असा उतरला की मला माझीच जीभ हासडावीशी वाटली. ते शांतपणे म्हणाले, "तुज्या घरात देव न्हाई, म्हणून मी कदी बोललो का तुला? बोललो का? मग तू माज्या देवाला खुनी म्हणून ऱ्हायलास, हे बरं दिसतं का?" आणि उठून बॉयलरकडे निघून गेले. आता झाली का पंचाईत! मी भोकाचं बोलत होतो आणि ऐकणारे सगळे माझ्या जातीचं ऐकत होते. हीच तर आमच्याकडची रीत, नळाच्या गोष्टीतसुद्धा माणूस आधी कोण ते बघायचं. मी रागानं धुमसत खोलीवर गेलो, जेवलो नाही.

मग काही दिवस अबोला. सकाळी ना शरणार्थ, ना जय भीम. डब्याच्या वेळी मी मुद्दाम वर्कशॉपला थांबायचो. रोज शिडी चढून बघायचो, भोक मोकळं. त्यांनी लावणं बंद केलं होतं, पण बोलत नव्हते, आणि मला ते लावण्यापेक्षा वाईट वाटत होतं. व्हॉल्व्ह मात्र आता झटक्यात बसू लागला. मऊ वाफेचा काटा जरासुद्धा वर जाईना.

शेवटी ते स्वतःच आले. मी वर प्लॅटफॉर्मवर होतो, ते शिडी चढून धापा टाकत शेजारी उभे राहिले. म्हणाले, "मी ध्यान ठिवून बघितलं. तुजं बरोबर हाय. खटक्यात बसून ऱ्हायलाय." मग म्हणाले, "पर घरात सांगितलं न्हाई मी. वैनी लई भोळी हाय, तिला वाटंल काम बिनदेवाचं झालं. रोज त्योच कापूस वळून देती, मी खिशातच ठिवतो." मी म्हटलं, अण्णा, खाली पॅनेलवर लावा, हवी तेवढी लावा, मी स्वतः घर आणून देतो पितळेचं. ते हसले. "तू आणून देनार? मग तर आमचा म्हादेव बी जय भीम म्हणंल." आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "शब्द देतो तुला. ह्या भोकात माजी काडी पुन्ना दिसनार न्हाई." मी स्टोअरला भोकावर बसवायची वाकडी नळी मागितली, म्हणजे वरून कुणाला काही खुपसताच येणार नाही. 'पुढच्या खरेदीत बघू' म्हणाले. मी फारसा मागं लागलो नाही. अण्णांचा शब्द नळीपेक्षा पक्का होता.

तो सीझन संपला, उन्हाळ्यात मशिनरी खोलली, जोडली, पावसाळा गेला. दसऱ्याच्या सुमाराला आमच्याकडे बॉयलर अग्निप्रदीपन असतं, म्हणजे सीझनआधी बॉयलर पेटवायची पूजा. सगळं लोखंड रुपेरी रंगात चकचकीत, फुलांच्या माळा, चेअरमन, संचालक, बायाबापड्या. पूजेला एखाद्या जुन्या कामगाराला जोडीनं बसवायचं अशी पद्धत. त्या वर्षी मान अण्णांचा, कारण ते येत्या उन्हाळ्यात रिटायर होणार होते. मला फोन करून म्हणाले, "नवं धोतर घेतलंय. यायला पायजे तू." मी जाऊ शकलो नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला त्याच दिवशी ठरलं होतं. पूजेच्या आधीच मी सगळे व्हॉल्व्ह चालवून, तपासून, हाताखालून घालून गेलो होतो. अण्णांनी फोटो पाठवला. त्यात दोघंही पाटावर, वैनी डोक्यावरचा पदर सावरत, अण्णा छाती काढून. मी तो आईलाही दाखवला. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं बघत ती म्हणाली, "बरी मानसं दिसत्यात."

कारखाना सुरू झाला. व्हॉल्व्ह रोजचं बारीकसारीक हलत होता, काटे जागेवर होते. तरी त्या सीझनला माझं मन लागत नव्हतं, खरं सांगतो. का ते सांगता यायचं नाही. पॅनेलपाशी उभं राहिलं की मऊ वाफेच्या काट्याकडे नजर जायची आणि तो नुसताच उभा असायचा. अण्णा म्हणायचे, "काय सारखा टक लावून बघतोस रे, पोरगी हाय का ती?" मी शिडी काही चढलो नाही. शब्द दिलेल्या माणसाच्या मागं शिडी चढणं मला कमीपणाचं वाटलं असतं, त्यांनाही कमीपणा आणि मलाही.

हिवाळ्यातली दुपार होती. मी रसाच्या काट्यापाशी काम करत होतो. पॅन हाऊसची लाईट गेली, तिकडचे सगळे वाफेचे व्हॉल्व्ह एका दमात मिटले. असं व्हायचं अधूनमधून, पण त्या सीझनला ही पहिलीच वेळ. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, त्याची ती ओरड आम्हाला सवयीची. पण ती थांबेना, आणि तिच्याखाली दुसरी एक सुरू झाली, बारीक, चढत जाणारी. मी हातातला पाना टाकला आणि पळालो. पळता पळताच जाड कापड टरकन फाडावं तसा आवाज आला, आणि बॉयलरच्या बाजूचं सगळं पांढरं झालं.

पॅनेलवरच्यांनी नंतर सांगितलं. काटा चढताना अण्णांनीच आधी बघितला. बटण दाबलं, हवा सुटली, पण व्हॉल्व्ह अर्ध्यात लटकून राहिला. "बसंना झालाय," एवढंच ते म्हणाले. बाहेरचं दार त्यांच्या पाठीशी होतं. ते दाराकडे गेले नाहीत. नळाला हातानं फिरवायचं एक चाक होतं, व्हॉल्व्ह दगा देईल तेव्हासाठी, ते फिरवायला धावले आणि जवळजवळ सगळं फिरवलंसुद्धा. पॅनवर माणसं होती ना खाली, नळाच्या अंगाशी. त्यातल्या कुणाला ओरखडा आला नाही. चाकाशेजारचा सांधा गेला.

लातूरला दवाखान्यात मला आत सोडलं नाही. काचेतून पट्ट्यांत गुंडाळलेलं काहीतरी दिसत होतं, आणि ते अण्णा होते यावर विश्वास बसत नव्हता. वैनी बाहेर बाकावर बसून होत्या.

इकडे नळ थंड झाल्यावर मी आणि चीफसाहेब वर चढलो. रुपेरी रंगावर वाळलेल्या झेंडूचा दोरा अजून लोंबत होता. मी भोकात सळई घातली. अडली. ओढली, तर काळपट कापूस आला, तुपानं चिकट झालेला, आणि त्यात काड्यांची मोडकी टोकं. चीफसाहेब म्हणाले, "पूजेचं राहिलं असेल." मी मान हलवली, पण मनात म्हटलं, पूजेला तर अण्णा स्वतः बसले होते, त्यांच्या डोळ्यादेखत इथं कोण काय खुपसणार? कापूस तोच, वळण तेच, ओळखीचं. म्हणजे अण्णांनी शब्द मोडला. माझ्यासमोर हसत राहिले आणि पाठीमागं शिडी चढत राहिले! ते दवाखान्यात तडफडत होते आणि मी इथं त्यांना शिव्या घालत होतो, मोठ्यानं, रडत रडत. का केलं असं अण्णा, का केलं?

त्यांनी आठवडाही काढला नाही. उदगीरला त्यांना त्यांच्या रीतीनं मांडी घालून बसवून माती दिली. मी मागं उभा होतो. दुःख होतंच, पण त्याच्या बुडाशी राग होता, आणि तो मला सोडत नव्हता. मेलेल्या माणसाशी भांडण उरलं की ते कुणापुढं काढायचं?

काही दिवसांनी पुन्हा भेटायला गेलो. वैनी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा भाऊ चहा ठेवून बाहेर गेला. वैनी म्हणाल्या, "भावजी, तुमी यांना व्हॉल्व्हाला उदबत्ती लावू नगा म्हणलं होतं ना?"

"हाव."

"मला म्हाईत नव्हतं. पूजेच्या दिवशी कळलं."

माझ्या ओठावर आलं होतं. आता सांगूनच टाकावं, वैनी, मी सांगितलं होतं पण त्यांनी ऐकलं नाही, शब्द देऊन फिरवला, त्याचंच हे झालं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्याच बोलू लागल्या.

"यांनी ऐकलं तुमचं. वरीसभर लावली न्हाई. मी रोज कापूस वळून देत होते, ते खिशातच ठिवत होते. पूजेच्या दिवशी आरती झाली, मी बायांसंगं शिडी चढून वर गेले, म्हणलं एवड्या मोठ्या मानाच्या दिवशी ह्याला न्हाई लावायची तर कवा. पाच काड्या एकत्र घेतल्या, कापूस गुंडाळला, तूप लावलं आन् बसवल्या घट. हे खालून म्हणाले, तितं नगं, तितं नगं. चेरमनसाहेब उभे, बाया उभ्या. मी म्हणलं, आज तरी लावू द्या हो. मग गप ऱ्हायले. समदे गेल्यावर आपल्या हातानं काड्या काढून घेतल्या त्यांनी. मला म्हणले, शब्द दिलाय मी."

काड्या काढल्या होत्या. कापूस खाली राहिला होता, तुपानं चिकटून, आणि मोडकी टोकं. वरून बघणाऱ्याला रिकामंच दिसलं असणार. माझे अण्णा! एवढे दिवस मी त्यांना लबाड म्हणत होतो.

वैनी माझ्याकडे सरकल्या. "मी तर रातंदिस हेच म्हणून ऱ्हायले भावजी, की त्या एका दिसाच्या उदबत्तीनं इतके दिस तरी राखलं त्यांना. माज्या हातची तेवडी एकच पोचली. रोज लागली असती तर ही येळ आली नसती. खरं सांगा. माजं काय चुकलं का?"

त्यांचे ते हात समोर होते, मांडीवर उलटे पडलेले.

"तुमचं न्हाई, वैनी," मी म्हटलं. "माझं चुकलं. मी त्यांना बंद करायला लावायला नको होतं."

त्यांनी मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं राहिलं होतं. "मला ठावंच होतं," म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. त्यांच्या नव्या घराच्या वास्तूला बोलावणं आलं नाही, त्यांच्या मुलीच्या लग्नाचं आलं नाही. उदगीरच्या बाजारात एकदा समोरासमोर आलो तर पदर ओढून दुसऱ्या बाजूनं गेल्या. आमच्या घरची म्हणते, एकदा जाऊन नीट सांगा, त्या माफ करतील. त्यांनी मला माफ करू नये. माफ केलं तर त्या पुन्हा विचार करत बसतील, की मग चुकलं कुणाचं.